पहिल्यांदाच दिवाळीचा फराळ करताय? भाजणीपासून डबे भरेपर्यंत

नरक चतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान आटोपून घरची मंडळी फराळाला बसली की ताटात चकली, करंजी, लाडू, शंकरपाळे आणि चिवडा असायला हवा, एवढं जरी ठरवलं तरी काम बारा दिवस आधी सुरू होतं. पहिल्यांदा करणारे बहुतेक जण इथेच चुकतात. धनत्रयोदशीच्या दोन दिवस आधी सामान आणतात, एकाच रविवारी पाच पदार्थ काढतात आणि रात्री अकरा वाजता चकली तेलात विरघळली की सगळ्याच फराळाची धास्ती घेतात.

फराळ बिघडण्याची कारणं मोजकी आहेत. पदार्थात राहिलेली ओल, मोहनाचा (पिठात घालायच्या तेला-तुपाचा) चुकलेला अंदाज आणि तळणाची किंवा भाजण्याची घाईची आच. खाली प्रत्येक पदार्थात हीच तीन कारणं वेगवेगळ्या रूपात भेटतील. ती ओळखता आली की हातातलं प्रमाण थोडं इकडेतिकडे झालं तरी पदार्थ सावरता येतो.

1. किती करायचं ते आधी ठरवा

चार माणसांचं घर आणि चार-पाच घरी द्यायची ताटं, असा हिशेब धरून पुढची प्रमाणं दिली आहेत. त्यात साधारण 28 लाडू, 25 करंज्या, 35 चकल्या, किलोभर चिवडा आणि किलोभर शंकरपाळे होतात. पहिल्या वर्षी यापेक्षा जास्त काढू नका. प्रमाण दुप्पट केलं की वेळ दुपटीहून जास्त लागतो, कारण मळलेलं पीठ वाट बघत सुकतं आणि कढईतला घाणा, म्हणजे एका वेळी तळता येणारा भाग, काही मोठा होत नाही.

मापासाठी एकच वाटी ठरवा आणि शेवटपर्यंत तीच वापरा. इथली वाटी 200 मिली पाणी मावणारी आहे. मोठा चमचा म्हणजे 15 मिली, छोटा म्हणजे 5 मिली. लाडू, करंजीचं सारण आणि भाजणी यांना मात्र वजनकाटाच वापरा. वाटीत पीठ दाबून भरलं की सैल भरलं, यावर बराच फरक पडतो.

2. भांडी आणि सामान

जाड बुडाच्या दोन कढया लागतात, एक भाजायला आणि एक तळायला. भाजायची कढई लोखंडी किंवा पितळी असेल तर उत्तम. त्याशिवाय हे हाताशी ठेवा:

- सोऱ्या आणि त्याच्या चकत्या. चांदणीच्या आकाराच्या भोकाची चकलीसाठी, बारीक भोकांची शेवेसाठी
- झारा, उलथनं, मोठी परात, पिठाची चाळणी
- करंजीसाठी कातण (कडा कापायचं दातेरी चाक), लाटण्यासाठी पोळपाट-लाटणं
- घट्ट झाकणाचे, आतून पूर्ण कोरडे डबे
- दोन-तीन स्वच्छ सुती पंचे

सोऱ्या नवा असेल तर आधी धुऊन पुसा, आत तेलाचा हात फिरवा आणि थोडं पीठ घालून एकदा दाबून बघा. दट्ट्या आणि नळी यांच्यात फट असेल तर पीठ वरून बाहेर येतं. हे चकलीच्या दिवशी कळून उपयोग नाही.

तळण काढून ठेवायला वर्तमानपत्र वापरू नका. छपाईची शाई गरम तेलात सुटते. भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2016 मध्येच त्याविरुद्ध सूचना काढली आहे. जाळीची चाळणी किंवा कोरा कागद घ्या.

सामानात एका गोष्टीवर पैसे वाचवू नका: सुकं खोबरं. खवट खोबऱ्याची एक वाटी सगळ्या करंज्या आणि चिवडा दोन्ही बिघडवते. वाटीचा कोपरा मोडून चावून बघूनच घ्या. शेंगदाणे, खसखस आणि चारोळीचंही तसंच.

3. उलटी मोजणी

नरक चतुर्दशीपासून मागे मोजत जा.

बारा दिवस आधी भाजणीचे तांदूळ धुऊन वाळत घाला. अनारसे करणार असाल तर त्याचे तांदूळ याच दिवशी भिजत घाला. दहा दिवस आधी भाजणी भाजून दळून आणा. दिवाळी जवळ आली की गिरणीत रांग लागते आणि गिरणीवाल्याला तुमची सूचना ऐकायला वेळ नसतो. आठवडाभर आधी खोबरं किसून, साखर दळून, वेलदोडे-जायफळाची पूड करून ठेवा.

मग सहाव्या दिवशी लाडू, पाचव्या दिवशी शंकरपाळे, चौथ्या दिवशी करंज्या, तिसऱ्या दिवशी शेव आणि चकली, दुसऱ्या दिवशी चिवडा आणि अनारसे. आदला दिवस मोकळा सोडा. काही ना काही राहतंच.

हा क्रम तेलासाठी आहे. गोड पदार्थ आधी तळले की तेल स्वच्छ राहतं. चकलीतली हळद, तिखट आणि तीळ तेलाच्या तळाशी बसून जळतात. त्या तेलात नंतर शंकरपाळे तळले तर त्यांना काळपट ठिपके आणि तिखटाचा वास येतो. चिवडा शेवटी, कारण डबा वारंवार उघडला की सगळ्यांत आधी तोच मऊ पडतो.

4. भाजणी

चकलीचं यश अर्ध्याहून जास्त इथेच ठरतं. सुमारे किलोभर भाजणीसाठी:

तांदूळ 500 ग्रॅम, हरभऱ्याची डाळ 250 ग्रॅम, उडदाची डाळ 125 ग्रॅम, मुगाची डाळ 60 ग्रॅम, जाडे पोहे 60 ग्रॅम, धणे 25 ग्रॅम, जिरे 15 ग्रॅम.

तांदूळ जाडा आणि जुना घ्या. नवा किंवा चिकट तांदूळ असेल तर पीठ चिकट होतं. तांदूळ धुऊन, निथळून, पंच्यावर सावलीत पसरा आणि पूर्ण वाळू द्या. डाळी धुतल्या तर त्याही तशाच वाळवा, नुसत्या ओल्या फडक्याने पुसून घेतल्या तरी चालतं.

आता प्रत्येक जिन्नस वेगळा भाजा. सगळं एकत्र टाकलं की उडीद करपतो आणि हरभरा कच्चा राहतो. आच मंद ते मध्यम. तांदूळ थोडा फुलून पांढराशुभ्र दिसू लागला, हाताला गरम आणि हलका लागला की काढा. डाळींचा रंग अगदी किंचित बदलावा आणि खमंग वास सुटावा. पोहे कुरकुरीत होईपर्यंत, धणे-जिरे नुसते गरम होईपर्यंत. जास्त भाजलेल्या भाजणीची चकली तळताना लवकर काळवंडते आणि कडवट लागते, कमी भाजलेलीची चकली चिकट आणि जड होते.

सगळं पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरून गिरणीत न्या. गरम धान्य डब्यात घाम धरतं. गिरणीवाल्याला दोन गोष्टी सांगा: दळण तांदळावर किंवा हरभऱ्यावर दळा, गव्हावर नको, आणि फार बारीक नको. आधीच्या गव्हाचं पीठ जात्यात राहिलेलं असतं, ते मिसळलं की चकली चिवट होते. फार बारीक पिठाच्या चकलीला काटे नीट उठत नाहीत.

चकलीला यातली निम्म्याहून कमी भाजणी लागेल. उरलेली फ्रिजमध्ये महिनाभर सहज राहते.

5. बेसनाचे लाडू

लाडूसाठीचं रवाळ बेसन 500 ग्रॅम, साजूक तूप 250 ग्रॅम, पिठीसाखर 375 ते 400 ग्रॅम, वेलदोड्याची पूड 1 छोटा चमचा, बेदाणे.

पाऊण तूप कढईत वितळवून बेसन घाला आणि मंद आचेवर सतत हलवत राहा. सुरुवातीला मिश्रण कोरडं, गोळ्यागोळ्यांचं दिसतं. याच वेळी घाबरून जास्तीचं तूप ओतलं जातं आणि पुढे लाडू बसतात. थांबा. पंधरा-वीस मिनिटांत बेसन सैल पडतं, उलथनं हलकं फिरू लागतं आणि कडेने तूप सुटतं. मग गरज वाटली तर उरलेलं तूप थोडं थोडं घाला. बदामी रंग आणि घरभर खमंग वास येईपर्यंत एकूण 30 ते 40 मिनिटं लागतात. आच वाढवून हे काम वीस मिनिटांत होत नाही. तसं केलं तर रंग येतो, पण आतला कच्चेपणा जात नाही आणि लाडू टाळूला चिकटतो.

गॅस बंद करण्याआधी दोन मोठे चमचे पाणी किंवा दूध शिंपडा. बेसन फसफसून वर येईल. दोन-तीन मिनिटं हलवत राहिलात की ओल उडून जाते आणि लाडू दाणेदार होतात. लगेच परातीत काढा, कारण गरम कढईत बेसन भाजतच राहतं.

साखर घालायची ती मिश्रण कोमट झाल्यावर, तासाभराने. बोट आरामात बुडवून ठेवता आलं पाहिजे. गरम बेसनात साखर वितळली तर मिश्रण पातळ होतं आणि लाडू वळले तरी पसरतात. तसं झालंच तर परात अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, तूप आळलं की पुन्हा मळून वळा. तरी बसत असतील तर दोन-तीन चमचे बेसन वेगळं कोरडं भाजून, गार करून मिसळा.

6. शंकरपाळे

1 वाटी दूध, 1 वाटी साखर, पाऊण वाटी तूप, चिमूटभर मीठ आणि मावेल तितका मैदा, म्हणजे साडेचार ते पाच वाट्या.

दूध, साखर, तूप एकत्र गरम करा. साखर विरघळली की उतरवा, उकळत ठेवू नका. पूर्ण गार झाल्यावर मैदा घालून घट्टसर गोळा करा. पोळीच्या कणकेसारखं मळत बसू नका. मैदा जितका मळाल तितका चिवट होतो आणि शंकरपाळ्यांचे पदर सुटत नाहीत. अर्धा तास झाकून ठेवा, मग अर्धा सेंटिमीटर जाड लाटून कापा.

तेल मध्यम तापलं पाहिजे. पिठाचा लहान तुकडा टाकला की आधी तळाशी जाऊन मग सावकाश वर यावा. मोठ्या आचेवर साखरेमुळे बाहेरून लगेच रंग चढतो आणि आत पीठ राहतं. गुलाबीसर झाले की काढा, बाहेर आल्यावरही रंग थोडा गडद होतो. पहिल्या घाण्यातले दोन-तीनच तळून बघा. तेलात भुगा सुटत असेल तर तूप जास्त झालंय, गोळ्यात दोन-तीन मोठे चमचे मैदा मिसळा.

7. करंज्या

आदल्या दिवशी सारण करून ठेवा. सुकं खोबरं 200 ग्रॅम किसून मंद आचेवर हलकं भाजून हाताने चुरडा. दोन मोठे चमचे खसखस कोरडी भाजून कुटा. दोन मोठे चमचे बारीक रवा चमचाभर तुपावर भाजा. हे सगळं गार झाल्यावर 150 ग्रॅम पिठीसाखर, वेलदोडा, जायफळ आणि चारोळी मिसळा. रवा साखरेची ओल धरून ठेवतो, म्हणून तो वगळू नका.

पारीसाठी 1 वाटी बारीक रवा आणि 1 वाटी मैदा. त्यावर तीन मोठे चमचे कडकडीत तूप ओता, चमच्याने कालवा, हाताला सोसलं की चोळून घ्या. मुठीत दाबल्यावर मुटका वळला की मोहन बरोबर. चिमूटभर मीठ घालून पाऊण वाटीच्या आसपास दुधाने घट्ट भिजवा. दीड-दोन तास झाकून ठेवा. रवा फुगायला एवढा वेळ लागतोच. नंतर गोळा कुटून किंवा खूप मळून मऊ करा. शंकरपाळ्यांत मळणं टाळायचं आणि इथे भरपूर मळायचं, यात गोंधळ होऊ देऊ नका. पारी पातळ लाटली जायला पिठात ताण हवा.

लिंबाएवढ्या नाही, सुपारीहून थोड्या मोठ्या लाट्या करा आणि ओल्या पंच्याखाली झाका. पारी पातळ लाटा, मध्यभागी मोठा चमचाभर सारण, कडेला दुधाचं बोट, मग दुमडून कडा घट्ट दाबा आणि कातणाने कापा. मुरड घालता येत असेल तर जरूर घाला, पण पहिल्या वर्षी कातण पुरे.

करंजी तेलात फुटण्याची कारणं ठरलेली आहेत: सारण कडेला लागलं, कडा सुकल्यावर दुमडली, किंवा आत हवा राहिली. एक जरी फुटली तरी सारण तेलात जळतं आणि पुढच्या प्रत्येक करंजीला काळे कण चिकटतात. त्यामुळे फुटलेली करंजी ताबडतोब बाहेर काढा, गॅस बंद करून तेल गाळून घ्या आणि मगच पुढे जा. भरलेल्या करंज्याही ओलसर पंच्याखाली ठेवा. मंद-मध्यम आचेवर, वरून झाऱ्याने तेल उडवत, पांढरटच तळा. लाल करंजी खुसखुशीत राहत नाही.

गोव्यात हीच नेवरी, आणि ती नाताळातही घरोघरी होते. तिथे दिवाळीच्या पहाटेचा मान मात्र पोह्यांचा असतो, गुळाचे, दुधातले, ताकातले असे अनेक प्रकारचे.

8. शेव आणि चकली

शेव आधी उरकून घ्या, अर्ध्या तासाचं काम आहे. 4 वाट्या बारीक चाळलेलं बेसन, पाव वाटी गरम तेलाचं मोहन, हळद, तिखट, मीठ, हिंग. ओवा तसाच घालू नका, सोऱ्याच्या बारीक भोकांत अडकतो. चमचाभर ओवा कुटून वाटीभर पाण्यात उकळा, गाळा आणि त्या पाण्यानेच पीठ सैलसर भिजवा. थेट तेलावर सोऱ्या धरताना वाफ हातावर येते, म्हणून गॅस बारीक करून मग पाडा.

आता चकली. 3 वाट्या भाजणीला अडीच वाट्या पाणी उकळत ठेवा. पाण्यातच तीन मोठे चमचे तेल, तीन छोटे चमचे तिखट, दीड छोटा चमचा मीठ, अर्धा छोटा चमचा हळद, हिंग, एक छोटा चमचा हातावर चोळलेला ओवा आणि दोन मोठे चमचे तीळ घाला. खळखळून उकळी आली की गॅस बंद, भाजणी घालून उलथन्याच्या दांड्याने कालवा आणि अर्धा तास झाकून ठेवा. तांदूळ-डाळीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो. उकळत्या पाण्याने पिठाची उकड होते आणि तीच चकलीला धरून ठेवते. कोमट पाणी वापरलं तर चकली सोऱ्यातून पडतानाच तुटते.

नंतर थोडं थोडं पीठ घेऊन, कोमट पाण्याचा हात लावत, गुळगुळीत होईपर्यंत मळा. सगळं एकदम मळून ठेवू नका, सोऱ्यात मावेल तेवढंच. कोऱ्या कागदावर तीन वेढ्यांची चकली पाडा आणि शेवटचं टोक शेजारच्या वेढ्याला दाबून चिकटवा, नाहीतर तेलात चकली उलगडते.

तेल शंकरपाळ्यांपेक्षा जास्त तापलेलं हवं. पिठाचा तुकडा लगेच वर आला पाहिजे. तीन-चार चकल्या सोडा आणि लगेच आच मध्यम करा. सुरुवातीला भरपूर बुडबुडे येतात. ते पिठातलं पाणी बाहेर पडल्याचे असतात. बुडबुडे जवळजवळ थांबेपर्यंत चकली काढायची नाही, रंग आला असला तरी. एका घाण्याला पाच ते सात मिनिटं लागतात.

पहिली चकली एकटीच तळा, गार होऊ द्या आणि मोडून बघा. आत पोकळ नळी दिसली की पीठ जमलं. नसेल जमलं तर:

*पाडताना तुटते, कडा फाटतात.* पीठ कोरडं आहे. पाण्याचा हात लावून आणखी मळा.

*काटे उठत नाहीत, चकली लिबलिबीत पडते.* पाणी जास्त झालं. दोन चमचे कोरडी भाजणी मिसळा.

*तेलात विरघळते, तेल फेसाळतं.* मोहन जास्त. भाजणी वाढवा, तिच्यासोबत थोडं गरम पाणी आणि मीठही.

*गार झाल्यावर कडक, दाताला लागते.* मोहन कमी. उरलेल्या पिठात मोठा चमचाभर गरम तेल घालून मळा.

*तळताना कुरकुरीत, तासाभराने मऊ.* आतलं पाणी गेलंच नाही. आच मोठी होती किंवा घाई झाली. अशा चकल्या मंद आचेवर पुन्हा तळता येतात.

यातली शेवटची तक्रार सर्वांत जास्त ऐकू येते, आणि तिचा दोष नेहमी पिठाला दिला जातो. पीठ बदलण्याआधी आच बदलून बघा.

9. पातळ पोह्यांचा चिवडा

पातळ पोहे 500 ग्रॅम, शेंगदाणे 150 ग्रॅम, डाळं 100 ग्रॅम, सुक्या खोबऱ्याचे पातळ काप 75 ग्रॅम, हिरव्या मिरच्या 8 ते 10, कढीलिंबाची मूठभर पानं, तेल पाऊण वाटी, मोहरी, जिरे, हिंग, हळद, मीठ अडीच ते तीन छोटे चमचे, पिठीसाखर दोन मोठे चमचे.

पोहे चाळून दोन-तीन तास उन्हात ठेवा किंवा मोठ्या कढईत अगदी मंद आचेवर, थोडे थोडे घेऊन भाजा. आच वाढली की पोहे आकसतात आणि मग काही केल्या ते सरळ होत नाहीत. बोटांत चुरल्यावर कट्‌कन मोडले की झाले.

तेलात आधी शेंगदाणे, मग खोबरं, मग डाळं तळून काढून ठेवा. खोबरं काही सेकंदांत लाल होतं, नजर हलवू नका. त्याच तेलात मोहरी, जिरे, मग मिरच्या आणि कढीलिंब. मिरची पूर्ण कडक होईपर्यंत परता. चिवडा दुसऱ्या दिवशी मऊ पडतो तो जवळजवळ नेहमी ओलसर राहिलेल्या मिरचीमुळेच. हिंग-हळद घालून गॅस बारीक करा, पोहे आणि तळलेले जिन्नस घालून दोन उलथन्यांनी वरखाली करा. मीठ फोडणीत टाकू नका, तेलात ते विरघळत नाही आणि तळाशी बसतं. मीठ आणि पिठीसाखर एकत्र बारीक करून पोह्यांवर भुरभुरवा. बेदाणे घालायचे असतील तर अगदी शेवटी.

10. अनारसे: हिंमत असेल तर

पहिल्याच वर्षी करायला हवेत असं नाही. पण करणार असाल तर घाई न करणं ही एकच अट.

500 ग्रॅम जुना तांदूळ तीन दिवस भिजवा, रोज पाणी बदला. चौथ्या दिवशी निथळून पंच्यावर सावलीत पसरा. तांदूळ वरून कोरडा पण आत दमट हवा, पूर्ण वाळू देऊ नका. लगेच मिक्सरमध्ये दळून बारीक चाळणीने चाळा. किसलेला पिवळा गूळ तांदळाच्या मूळ वजनापेक्षा थोडा कमी, सुमारे 450 ग्रॅम, आणि दोन छोटे चमचे तूप घालून मळा. गोळे करून झाकणाच्या डब्यात पाच दिवस ठेवा. या दिवसांत गूळ पाझरून पीठ मऊ होतं आणि थोडं आंबतं. अनारशाची जाळी त्यातूनच येते.

तळायच्या दिवशी पीठ मळून घ्या, फार कोरडं असेल तर दुधाचे थेंब. लहान गोळी खसखशीवर थापा, खसखशीची बाजू वर ठेवून मध्यम तापलेल्या तुपात सोडा. उलटायचा नाही, झाऱ्याने तूप उडवायचं. काढल्यावर चाळणीत उभा ठेवा म्हणजे तूप निथळतं.

अनारसा तुपात पसरून विरघळला म्हणजे हसला. गूळ किंवा तूप जास्त झालं. तांदळाची कोरडी पिठी थोडी मिसळून पुन्हा एक तळून बघा. जाळी न पडता कडक झाला तर गूळ कमी आहे, थोडा किसून मळा आणि पीठ आणखी एक दिवस ठेवा.

11. परदेशात करत असाल तर

गिरणी नसली तरी भाजणी होते. भाजलेले जिन्नस थोडे थोडे मिक्सरमध्ये दळून चाळा, चाळणीवर उरलेला कणीदार भाग पुन्हा फिरवा. मैद्याच्या जागी तिथलं ऑल पर्पज फ्लोअर चालतं, सेल्फ रेझिंग मात्र नको. त्यात बेकिंग पावडर असते आणि शंकरपाळे तेलात फुटतात. रवाळ बेसन मिळालं नाही तर साध्या बेसनात भाजताना दोन-तीन मोठे चमचे बारीक रवा घाला. ऊन नसेल तर पोहे ट्रेमध्ये पातळ पसरून 100 अंश सेल्सिअसला ओव्हनमध्ये दहा-बारा मिनिटं ठेवा, मध्ये एकदा हलवा. तळण काढताना खिडकी उघडा आणि कढई निम्म्याहून जास्त भरू नका, विशेषतः विजेच्या शेगडीवर, कारण तिची आच बंद केल्यावरही लगेच उतरत नाही.

12. डबे भरताना

कोणताही पदार्थ पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात जाता कामा नये. वरून गार वाटला तरी ढिगाच्या मधे हात घालून बघा. गरम चकलीची वाफ झाकणाला लागून पाणी होते आणि रात्रीत अख्खा डबा मऊ पडतो. प्रत्येक पदार्थाचा डबा वेगळा. लाडवाशेजारी चिवडा ठेवला की चिवड्याला वेलदोड्याचा आणि लाडवाला हिंगाचा वास लागतो.

रोजच्या खाण्यासाठी छोटे डबे काढा आणि मोठे डबे वारंवार उघडू नका. ओला हात किंवा ओला चमचा आत जाऊ देऊ नका. नीट तळलेल्या चकल्या आणि शंकरपाळे पंधरा दिवस चांगले राहतात, लाडू तितकेच किंवा थोडे जास्त. करंज्या आठ-दहा दिवसांत संपवा, कारण खोबऱ्याचा वास बदलू लागतो.

भाऊबीजेपर्यंत चकली किंवा चिवडा थोडा मऊ पडलाच तर ओव्हनमध्ये 120 अंशांवर आठ-दहा मिनिटं ठेवा, किंवा जाड तव्यावर अगदी मंद आचेवर परता, आणि पुन्हा पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा.